दोन रेघांचा डबा

"तुझा सायब पोतं हाय का पिशवी?" सुंद्राकाकीनं खालून विचारलं.

मी तिच्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर, खिडकीच्या गजाला माझा फोन सुतळीनं बांधत होते. सुतळीचं एक टोक दातात होतं, त्यामुळं माझ्या तोंडून नुसतं "हं?" निघालं.

"न्हाई, म्हंजे त्याचं काम मोठं का बारकं? पोतंभर असंल तर मधी मधी दुसऱ्याचं बारकं दळण सोडावं लागतंय. एकाचंच दळत बसलं तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"काकी, फोनचं तसं नसतं," मी सुतळीला गाठ मारत म्हणाले. "इथं महत्त्वाचं काम आधी जातं. बाकीची नंतर."

"आणि म्हत्त्वाचं कुठलं, ते कोण ठरवतंय?"

"मी!"

काय तोऱ्यात म्हणाले होते ते! आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. पण तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, तळेवाडीतली पहिली इंजिनिअर होते, आणि त्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता बंगळूरच्या बड्या मंडळींसमोर माझं प्रात्यक्षिक होतं. ते नीट पार पडलं तर आमच्या टीमची मुख्य मी होणार, असं आमच्या ऑफिसातल्या सबनीस सरांनी मला स्वतः सांगितलं होतं. सरांनी सांगितलेलं मी आईला सांगितलं आणि आईनं सगळ्या गावाला. तेव्हा तोरा आला, तर त्यात माझी एकटीची चूक नाही.

ज्या वर्षी सगळी ऑफिसं बंद होऊन ज्याच्या त्याच्या घरात भरली, त्या वर्षाची ही गोष्ट. मी पुण्याची खोली सोडून गावी आले होते. आमची तळेवाडी आजऱ्याच्या पलीकडे, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट जागा. तिथं फोनला रेंज म्हणून नाही. सगळ्या गावात फक्त एका ठिकाणी ती यायची: सुंद्राकाकीच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलतीच्या गिरणीच्या माळ्यावर. तिथल्या खिडकीतून समोरची खिंड दिसते आणि खिंडीपलीकडे टॉवर आहे. मी फोन त्या खिडकीला बांधायची, त्याचा हॉटस्पॉट चालू करायची आणि खाली गिरणीमागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची.

पहिले दोन दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवशी मारुतीतात्या आले. त्यांचा मुलगा मस्कतला. "बाय, दोन मिंटं त्येचं तोंड बघतो आणि जातो," म्हणाले आणि पाऊण तास बसले. पाचव्या दिवशी चौथीची पोरं आली, त्यांचे ऑनलाइन तास होते. आठव्या दिवशी मी बघते तर गिरणीच्या ओट्यावर अर्धी तळेवाडी फोन घेऊन बसलेली. माझा फोन दहाच्या वर कुणाला आत घेत नव्हता, आणि आत गेलेले दहा जण एकमेकांच्या उरावर बसलेले. कुणी कुस्त्या बघतंय, कुणी लग्नातले चारशे फोटो पाठवतंय, पोरांचे गुरुजी अर्ध्या वाक्यात थांबलेत, आणि मस्कतच्या मुलाचं तोंड पडद्यावर 'आ' करून थिजलंय. तात्या त्याला ओरडून विचारतायत, "दात दुखतोय का रं तुझा?"

आता गंमत अशी, की माझं पुण्यातलं काम नेमकं हेच. फोनमधून एकाच वेळी दहा गोष्टी बाहेर पडू बघतात: बोलणं, व्हिडिओ, मेसेज, फोटो. वाट मात्र एक, आणि तीही अरुंद. मग आधी कुणी जायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. ऑफिसनं दिलेल्या फोनमध्ये ते होतंच. मी त्यात क्रम लावला. पहिला नंबर मीटिंगचा आणि बोलण्याचा, कारण बोलणं तुटलं की माणूस वैतागतो. दुसरा मेसेजचा. तिसरा वेबसाइट वाचण्याचा. चौथा व्हिडिओ बघण्याचा. आणि सगळ्यात शेवटचा, पाचवा, फाइल चढवण्या-उतरवण्याचा. कारण फाइलीला कसली घाई? ती आपली मागनं गेली तरी चालते. आमच्या सगळ्या पुस्तकांत असंच लिहिलेलं आहे.

त्या दिवसापासून भांडणं मिटली. गुरुजी पूर्ण वाक्य बोलायला लागले. तात्यांचा मुलगा हलायला लागला. मी यादी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गिरणीच्या भिंतीवर चिकटवली, म्हणजे कुणी माझ्याशी हुज्जत घालायला नको. लोक ती वाचायचे आणि मान डोलवायचे. मी तर हरखूनच गेले होते.

एकटी काकी काही मान डोलवत नव्हती.

काकीची गिरणी म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. चाळीस वर्षं ती एकटीनं चालवलेली. डबे येतील तसे रांगेत लागायचे. पण कुणाच्या घरी अचानक पाहुणे आलेत, कुणाच्या तान्ह्या पोराला नाचणी हवीय, अशांना काकी मध्ये घ्यायची. मोठ्या पोत्याच्या मध्ये लहान पिशवी सोडायची. मात्र ज्या डब्याला ओलांडून दुसऱ्याचं घेतलं, त्या डब्याच्या झाकणावर ती खडूनं एक रेघ मारायची. परत ओलांडलं की दुसरी. आणि दोन रेघांचा डबा झाला, की मग त्याच्यापुढं कुणीही नाही. सरपंचाच्या घरी मंत्री जेवायला येणार असला तरी नाही. एकदा तसं झालंही होतं म्हणे. सरपंचीणबाई पीठ घ्यायला आल्या तेव्हा काकी दोन रेघांच्या डब्यातली अडीच किलो ज्वारी दळत होती, आणि सरपंचीणबाईंना तिनं पोत्यावर बसायला सांगितलं. त्या बसल्यासुद्धा.

"तुझ्या कागदावर रेघा कुठं मारायच्या?" यादी लावली त्याच दिवशी काकीनं मला विचारलं होतं.

"त्याची गरजच नाही काकी. सगळं आपोआप होतं."

"जो पयला, त्यो कायम पयला?"

"हो."

"आणि ज्यो शेवटचा?"

"उरेल ते त्याला."

"आणि न्हाई उरलं तर?"

"उरतं गं काकी," मी म्हटलं आणि विषय संपवला. मला वाटलं, हिला काय कळतंय.

तर त्या दिवशी मी फोन बांधून खाली उतरले, तेव्हा तीन वाजायला आले होते. दुपारी दोन ते पाच विजेला दाब नसायचा, त्यामुळं गिरणी बंद. जातं गप्प आणि ओट्यावर नेटवाल्यांची गर्दी. तात्या त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात होते. कौसल्यावहिनी आणि आणखी दोघी-तिघी डबे रांगेत लावून फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. तेवढ्यात सुतारांची प्रगती आली. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत कागद, आणि चेहरा असा की हसावं का रडावं हे अजून ठरायचंय.

"काय गं प्रगती? आज इकडं कुठं?"

"ताई, नर्सिंगला नंबर लागला." हे ती इतकं हळू म्हणाली की मला दोनदा विचारावं लागलं. "कोल्हापूरला. सरकारी. आज पाचच्या आत कागद वेबसाइटवर चढवायचे हाईत. न्हाईतर सीट पुढच्या मुलीला जाती."

"अगं, मग पेढे कुठायत?" मी तिच्या पाठीत धपका घातला. तिचे वडील सुतारकाम करायचे, हिला तीन भाऊ, आणि बारावीनंतर हिचं लग्न उरकायचं हे घरात जवळपास ठरलेलं. सरकारी कॉलेजात नंबर लागला तरच शिकायचं, अशी बोली होती. हे सगळं गावाला माहीत होतं. "दहा मिनिटांचं काम आहे. बस इथं. कागदांचे नीट फोटो काढ, उजेडात धर."

"व्हय ताई."

"आणि काही अडलं तर सांग."

"व्हय ताई."

एवढं बोलून मी मागच्या खोलीत गेले, दार लोटलं, केस विंचरले आणि कानात हेडफोन घातले. प्रगती माझ्या डोक्यातून गेली ती गेलीच.

साडेतीनला मीटिंग सुरू झाली. सबनीस सरांनी माझी ओळख करून दिली. पडद्यावर बंगळूरचे सहा चेहरे, सगळे गंभीर. मी त्यांना सांगितलं की मी या क्षणी डोंगरातल्या एका खेड्यात, पिठाच्या गिरणीत बसलेय. माझ्या या एका फोनवर आणखी नऊ फोन लटकलेत. तरीही तुम्हाला माझं चित्र स्वच्छ दिसतंय आणि आवाज तुटत नाहीय. हेच आमचं प्रात्यक्षिक.

"इम्प्रेसिव्ह," त्यातला एक जण म्हणाला. टक्कल असलेला. तोच सगळ्यांत मोठा साहेब होता.

मला आकाश ठेंगणं झालं. मी आलेख दाखवले, आकडे दाखवले. माझं चित्र अगदी भारी दर्जाचं ठेवलं होतं, माझ्या नाकावरचा तीळसुद्धा बंगळुरात दिसत असणार. प्रश्नांवर प्रश्न आले आणि मी उत्तरांवर उत्तरं दिली. तास कसा गेला मला कळलं नाही.

सव्वाचारच्या पुढं कधीतरी दार उघडलं आणि काकी आत आली. मी हातानं खुणावलं, थांब. काकी थांबली नाही. ती सरळ माझ्या मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर माझ्या डोक्यामागं तिचं पोट आणि पदराचा काठ दिसायला लागला. मी माझा आवाज बंद केला.

"काकी, काय चाललंय? साहेब लोक बघतायत!"

"बघू देत. सुताराची पोरगी तीनपासनं बसलीया."

"मग?"

"मग काय? तिचं काय बी हालंना झालंय. ते चाक नुसतं फिरतंय. मगापासनं बघतोय मी. धा टक्के, बारा टक्के, आणि परत पयल्यापासनं. चारदा झालं. पोरगी बोलंना, पर तिचं ओठ पांढरं पडलेत."

फाइल चढवणं. पाचवा नंबर. उरेल ते. आणि आज मी काही उरूच दिलं नव्हतं.

तिकडं टक्कलवाले साहेब काहीतरी विचारत होते. मी घाईघाईनं आवाज चालू करून "एक मिनिट हं सर," म्हटलं, हेडफोन काढला आणि बाहेर धावले.

प्रगती खांबाला टेकून बसली होती. मांडीवर फोन, फोनवर चाक, चाकाखाली बारा टक्के. तिनं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला.

"होईल ताई. हळूहळू होतंय."

"काय होतंय डोंबलाचं? किती वाजले?"

"चार वाजून अठ्ठावीस," कौसल्यावहिनी म्हणाल्या.

मी मोठ्यानं ओरडले, "सगळ्यांनी नेट बंद करा! सगळ्यांनी! हिचे कागद जायचेत, नर्सिंगची सीट आहे!"

काय सांगू, कुणी एक अक्षर विचारलं नाही. वहिनींनी फोन बंद करून डब्यावर पालथा घातला. बाकीच्या बायकांनी बंद केले. एका पोराचा इतिहासाचा तास चालू होता, त्यानं तर अत्यानंदानं बंद केला. उरले तात्या. त्यांचा मुलगा मस्कतहून काहीतरी सांगत होता.

"तात्या!"

"आँ? व्हय व्हय." तात्या फोनमध्ये वाकले. "ए, ठेव रं. सुताराच्या पोरीचं काम हाय. तुझं तोंड उद्या बघतो, कुठं पळून जातंय का?" आणि मुलाचं वाक्य मध्येच तोडून त्यांनी फोन खिशात टाकला.

आम्ही सगळे प्रगतीच्या फोनवर वाकलो. बारा. तेरा. सतरा. एकोणीस.

एकोणीसवर चाक परत फिरत राहिलं.

"आता काय झालं? समद्यांनी बंद केलंय की," तात्या म्हणाले.

"समद्यांनी न्हाई," काकी म्हणाली. "अजून एक हाय."

ती माझ्याकडं बघत होती. मग वहिनी बघायला लागल्या, मग तात्या. मागच्या खोलीतून माझ्या लॅपटॉपमधून सबनीस सरांचा बारीक आवाज येत होता, "स्वप्नाली? आर यू देअर?"

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की अर्धाच तास राहिलाय मीटिंगचा. तेवढ्यात काहीतरी दुसरी सोय होईल. हिला मोटारसायकलवरून खिंडीत पाठवू. खिंडीपर्यंत चाळीस मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं, तरी मनात आलं. दोन वर्षं मी त्या कामावर राबले होते. आणि मी आत्ता मीटिंगची वाट अडवली, तर नेमकं काय होणार? ज्या चित्राबद्दल मी तासभर सांगतेय की हे कधीच अडकत नाही, तेच चित्र साहेबांच्या डोळ्यांदेखत अडकणार.

काकीनं कनवटीतून खडू काढला. प्रगतीच्या मांडीवरची प्लास्टिकची फाइल ओढून घेतली आणि तिच्यावर रेघा मारायला लागली. "ही मारुतीची. ही मास्तराची. ही कौसीची." प्लास्टिकवर खडू उमटत नव्हता, तरी ती मारत होती. "आणि ही तुझी. ही तुझी. ही बी तुझी." मग तिनं खडू माझ्यापुढं धरला. "किती झाल्या मोज. माझ्या गिरणीत दोनच्या वर कधी कुणाच्या झाल्या न्हाईत. आज झाल्या."

मी खडू हातात घेतला. का घेतला देव जाणे. तसाच हातात ठेवून मी आत पळाले, मागोमाग काकी दारापर्यंत आली. लॅपटॉपसमोर उभ्या उभ्या हेडफोनही न घालता म्हटलं, "सर, सॉरी, मला तुम्हाला सगळ्यात खाली टाकावं लागतंय!" हे मी मराठीत म्हणाले, हे मला नंतर कळलं. लॅपटॉपवरूनच फोनचा क्रम उघडला. पाचवा नंबर उचलून पहिल्या जागी टाकला. मीटिंग शेवटी. बटण दाबलं.

पडद्यावर सहाही चेहरे जागच्या जागी थिजले. टक्कलवाल्या साहेबांचा हात हवेत होता, तो तसाच राहिला.

बाहेरून काकीचा आवाज आला, "हाललं! हाललं!"

मी बाहेर येईपर्यंत सत्तावीस झाले होते. मग तर काय, ओट्यावर आकडे मोजायची शर्यतच लागली. "एक्केचाळीस!" वहिनी. "बावन्न!" इतिहास सोडून आलेलं पोरगं. तात्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी ते सगळ्यांच्या मागून एक आकडा पुढचाच ओरडत होते. "साठ म्हणा की! साठ झालं असंल!" अडुसष्टवर जरा अडखळलं, तेव्हा काकीनं जात्याला हात लावून नमस्कार केला. चौऱ्याहत्तर. एक्याऐंशी. प्रगती बघतच नव्हती, तिनं डोळे गच्च मिटले होते आणि माझी ओढणी मुठीत धरली होती.

शंभर.

आणि हिरव्या अक्षरांत: प्रवेश निश्चित.

चार वाजून एक्कावन्न मिनिटं. वहिनींनी प्रगतीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. तात्यांनी खिशातून फोन काढून लगेच मस्कतला लावला आणि कुणी फोन उचलायच्या आतच सांगायला सुरुवात केली, "झालं रं, झालं! पोरगी नर्स झाली!" प्रगती तोंडावर दोन्ही हात धरून हुंदके देत हसत होती. मला तिला उचलून गोल फिरवावंसं वाटत होतं. तसं केलंही, पण अर्ध्या फेरीतच कंबर धरली.

मग मला माझी मीटिंग आठवली.

खोलीत जाऊन क्रम परत बदलेपर्यंत पडद्यावर एकटे सबनीस सर उरले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"स्वप्नाली," ते म्हणाले, "तुला कल्पना आहे का आम्ही इकडे काय बघत होतो? वीस मिनिटं? तुझं तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हातात खडू, आणि मागं दारात कुणीतरी बाई कमरेवर हात ठेवून उभ्या."

"सर, ती माझी काकी."

"हे असलं चित्र वीस मिनिटं! आणि वर तुझ्या सादरीकरणाचं शीर्षक, 'आता चित्र अडकणार नाही.'"

मला हसू फुटलं. खरंच आवरलं नाही. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, बंगळूरवाल्यांनी सॉफ्टवेअरला मंजुरी द्यायचा निर्णय दोन महिने पुढं ढकललाय, आणि टीमच्या मुख्यपदाचं आता सरांच्या हातात काही राहिलं नाही. मी "बरं सर" म्हटलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? रात्री उशीत तोंड खुपसून रडलेही. त्या वर्षी ते पद दुसऱ्याच कुणाला गेलं. पण त्या क्षणी बाहेर बायका एवढा दंगा करत होत्या की नीट वाईटही वाटून घेता येत नव्हतं.

"झालं काय ते तरी सांग," सर म्हणाले.

मी सांगितलं. सगळं, डब्यांसकट, रेघांसकट. ते ऐकत राहिले.

"म्हणजे ती मुलगी दीड तास तिथं होती? तुझ्यापासून दहा फुटांवर?"

"हो सर."

"आणि आपल्या सॉफ्टवेअरला ती दिसलीच नाही."

"सॉफ्टवेअरला काय दिसणार सर, मलाच दिसली नाही. त्यात वाट बघण्याचा हिशेबच नाहीय. मला ते बदलायचंय. जो फार वेळ थांबलाय त्याला वर काढायचं, तो कितीही शेवटचा असला तरी."

"उद्या दहा वाजता बोलू," ते म्हणाले. मग मीटिंग बंद करता करता थांबले. "तिचं झालं ना पण?"

"झालं सर."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि गेले. तो बदल पुढं आम्ही केला. दोन महिन्यांनी बंगळूरवाल्यांनी बरोबर त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. पण ती ऑफिसची गोष्ट, ती पुन्हा कधीतरी.

पाच वाजले. विजेला दाब आला. काकीनं पट्टा चढवला, बटण दाबलं आणि गिरणी धडधडायला लागली. पहिला डबा वहिनींचा होता. पीठ उडायला लागलं, माणसं घराकडं वळली. प्रगती तेवढी राहिली. कागद फाइलीत नीट लावत होती. चारचारदा लावत होती, काढत होती.

मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. गिरणीच्या आवाजात तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं.

"अगं बये, दीड तास काय करत होतीस? दहा पावलांवर मी होते. दार ढकलून आत यायचं की! मला हाक मारायची की! अडलं तर सांग म्हटलं होतं ना तुला?"

"तुमची मीटिंग होती ताई."

"असू दे. तुझी सीट जात होती, प्रगती! काकी नसती आली तर? गप्प कशी बसलीस तू?"

तिनं भिंतीवरच्या यादीकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. एखाद्या मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती म्हणाली,

"मी आल्या आल्या वाचलं की ताई. फाइल चढवणं, पाचवं. सगळ्यात शेवटी. तुमी येवढ्या शिकल्यासा, तुमी ईचार करूनच लावलं असणार. मला वाटलं, माझं काम हाईच शेवटचं. घरात बी सगळे तेच म्हणत्यात."

तिचा हात मी हातात घेतला. सुताराच्या पोरीचा हात, त्यावर बारीक बारीक चरे होते. न बोलता उठणं बरोबर नव्हतं, एवढं मला कळत होतं. आणि कानाशी कुजबुजणंही बरोबर नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. गिरणीच्या वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

धडधड एकदम थांबली. काकीनं बटण बंद केलं होतं. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ती माझ्याकडं बघत होती.

"काय म्हणालीस? गिरणीत ऐकाय आलं न्हाई. परत म्हण."

तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. चाळीस वर्षं त्या आवाजात ती गावाचं सगळं ऐकत आली होती. तरी मी उठून उभी राहिले आणि प्रगतीकडं तोंड करून परत म्हटलं.